एकाच तक्त्यात सगळी पुस्तके बसवू नका: वाचनगटांचे संयोजक, ग्रंथपाल आणि भाषाशिक्षक यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

वाचनाचा उपक्रम ठरला की सर्वांत आधी एक कागद छापला जातो. पुस्तकाचे नाव, लेखक, कथानक थोडक्यात, आवडलेले पात्र, आवडलेला प्रसंग, मिळालेला बोध आणि शेवटी पाचपैकी किती तारे. कादंबरीपुरता हा कागद कसाबसा निभावतो. कवितासंग्रह आला की 'कथानक' रिकामे राहते, निबंधसंग्रहात 'पात्र' सापडत नाही, आणि पेशींवरच्या पुस्तकातून 'बोध' कोणता काढायचा हे कुणालाच कळत नाही. मग वाचक एकतर ओढूनताणून रकाने भरतो, नाहीतर रकाने सहज भरतील अशीच पुस्तके उचलतो. यातले दुसरे अधिक नुकसानीचे आहे, कारण ते नोंदीत दिसतच नाही. वर्षाच्या शेवटी पुस्तकांची संख्या भरपूर असते आणि सगळी एकाच जातीची असतात.

आमची विनंती एवढीच आहे: हा कागद बाजूला ठेवा आणि प्रत्येक वाङ्मयप्रकाराला त्याचे स्वतःचे प्रश्न द्या. ते कोणते असू शकतात, आणि कुठे घोटाळा होतो, हे खाली सविस्तर लिहितो आहोत.

लुईस रोझेनब्लॅट या साहित्याच्या अभ्यासक विदुषीने 1978 साली वाचनाच्या दोन भूमिका वेगळ्या करून दाखवल्या. एका भूमिकेत वाचल्यानंतर हाती काय उरेल याकडे लक्ष असते, जसे औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचताना. दुसरीत वाचत असतानाच मनात काय घडते आहे याकडे लक्ष असते. कोणती भूमिका घ्यायची हे पुस्तकावर पूर्णपणे अवलंबून नसते, वाचकही ते ठरवतो, आणि बहुतेक वाचन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी घडते. तुमचा तक्ता मात्र फक्त पहिल्या भूमिकेचे प्रश्न विचारतो. कविता वाचणाऱ्यालाही तो विचारतो की घरी काय घेऊन गेलास.

पुस्तक सुरू करण्यापूर्वीची दहा मिनिटे सगळ्या प्रकारांना सारखी लागू पडतात, त्यामुळे ती आधी. शीर्षकपृष्ठ, पहिल्या प्रकाशनाचे वर्ष, हातातली आवृत्ती कितवी, अनुक्रमणिका, शेवटी सूची आणि टिपा आहेत का, आणि मधले कोणतेही एक पान. यावरून पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे याचा अंदाज एका वाक्यात लिहून ठेवायचा. वैचारिक पुस्तकाची प्रस्तावना याच वेळी वाचावी. कथा-कादंबरीची, विशेषतः जुन्या गाजलेल्या कादंबरीच्या नव्या आवृत्तीला दुसऱ्या कुणी लिहिलेली प्रस्तावना, शेवटी वाचावी. अभ्यासकांच्या प्रस्तावना वाचकाने पुस्तक आधीच वाचले आहे असे गृहीत धरून लिहिलेल्या असतात आणि शेवट सर्रास सांगून टाकतात. मलपृष्ठावरचा मजकूर पुस्तक खपावे म्हणून लिहिलेला असतो. तो वाचायला हरकत नाही, पण अभिप्रायात त्यातले शब्द आले तर ते लगेच ओळखू येतात.

रहस्यकथेपासून सुरुवात करू, कारण हा प्रकार सर्वांत जास्त वाचला जातो आणि त्याच्यावर सर्वांत हलगर्जीपणे लिहिले जाते. रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातले दोन आजही कामाचे आहेत: गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागात झालेला असला पाहिजे, आणि गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवता कामा नये. बाकीचे नियम उत्तम लेखकांनी मोडून दाखवले आहेत, तेव्हा ते कसोटी म्हणून वापरू नयेत. वाचकाला सांगा की पुस्तकाचा दोन तृतीयांश भाग झाला की थांब. कुणी केले, का केले आणि कोणत्या तीन दुव्यांवरून तसे वाटते, हे लिहून काढ आणि मगच पुढे जा. पुस्तक संपल्यावर पहिली दोन प्रकरणे पुन्हा वाचायची. दुवे कुठे आणि कशाच्या आड ठेवले होते हे तेव्हा दिसते, आणि लेखकाचे कसब त्यातच असते. 'मला आधीच कळले होते' हा अभिप्राय नव्हे. दुव्यांवरून कळले, की 'ज्याच्यावर संशय येत नाही तोच असणार' या सवयीने कळले? पहिल्या उत्तराचे श्रेय लेखकाला जाते, दुसऱ्याचा दोष बहुधा त्याच्याकडेच येतो.

शेवट फोडण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 2011 साली लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या संशोधकांनी प्रयोगात असे दाखवले की शेवट आधी सांगितलेल्या लघुकथा वाचकांना किंचित जास्तच आवडल्या. हे निमित्त पुढे करून बरेच जण बेधडक शेवट लिहितात. पण तो प्रयोग लघुकथांवरचा होता. कितीतरी संध्याकाळी अंदाज बांधत काढलेल्या तीनशे पानी रहस्यकादंबरीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे बरोबर नाही. पहिल्या चतुर्थांशापुढचे काही सांगायचे नाही हा नियम ठेवा. पुढचे सांगितल्याशिवाय मुद्दा मांडताच येत नसेल तर तो वेगळ्या परिच्छेदात, आधी सावध करून लिहावा. 'शेवटी असा धक्का बसतो की विचारू नका' हे वाक्यही शेवट फोडणारेच आहे, कारण त्यानंतर वाचक प्रत्येक पानावर धक्क्याची वाट पाहत बसतो.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्याबद्दल थोडक्यात. समीक्षक डार्को सुविन यांनी 1979 साली मांडलेली कल्पना गटात फार उपयोगी पडते: विज्ञानकथेत आपल्या जगात नसलेली एक नवी गोष्ट आणलेली असते आणि बाकीचे सारे तिच्यातून तर्काने निघते. म्हणून विचारायचे ते असे: ती गोष्ट कोणती, तिचे नियम कथेने शेवटपर्यंत पाळले का, आणि तिची किंमत कोण मोजतो. 'असे कधी होत नाही' हा आक्षेप इथे गैरलागू आहे. 'तिसऱ्या प्रकरणात सांगितलेला नियम नवव्या प्रकरणात विसरला' हा आक्षेप खरा. भूतकथेत वाचक 'खरेच काही आहे' आणि 'सगळे मनाचे खेळ आहेत' या दोहोंमध्ये कोणत्या पानापर्यंत लोंबकळत राहिला, तो पानक्रमांक लिहायला सांगा. गटातल्या वेगवेगळ्या वाचकांचे आकडे शेजारी ठेवले की चर्चा आपोआप पेटते.

ऐतिहासिक कादंबरीसाठी पानाचे तीन भाग करावेत: कागदपत्रांत नोंदलेले, घडले असण्याजोगे, आणि उघडच कल्पिलेले. पाच प्रसंग निवडून त्यांची या तीन भागांत विभागणी करायची आणि त्यातले दोन इतिहासाच्या पुस्तकात पडताळायचे. लेखकाची टीप असेल तर ती या वेळी वाचायची. घसरण दोन्ही बाजूंनी होते. कुणी कादंबरीतले संवाद इतिहास म्हणून सांगत सुटतो, तर कुणी एक तारीख चुकली म्हणून साडेचारशे पाने निकालात काढतो.

आत्मचरित्र हा आपल्याकडे अतिशय समृद्ध प्रकार, आणि त्याच्यावरचे अभिप्राय मात्र सर्वांत पोकळ. 'प्रेरणादायी' हा एक शब्द बहुतेक सगळे काम उरकतो. फ्रेंच अभ्यासक फिलिप लजन यांनी 1975 साली आत्मचरित्राचा पाया एका करारात दाखवला: लेखक, निवेदक आणि मुख्य पात्र एकच आहेत याची हमी लेखक आपल्या नावानिशी वाचकाला देतो. हा करार ध्यानात ठेवला की प्रश्न सुचू लागतात. घटना घडली तेव्हाचे वय किती, लिहिली तेव्हाचे किती? लहानपणीचा प्रसंग सांगताना मोठेपणीची समज कुठे मध्ये येते? कुणाला बोलायला मिळाले आहे आणि कुणाबद्दल सगळे दुसऱ्याच्या तोंडून कळते? कोणती वर्षे दोन ओळींत संपली? आमचे ठाम मत आहे की सोसलेल्या दुःखाला गुण देऊ नयेत. अन्याय, उपासमार, अपमान यांची आत्मकथने वाचून 'अंगावर काटा आला' एवढेच लिहिणे म्हणजे लेखकाने केलेल्या निवडींकडे डोळेझाक करणे आहे. त्याने कोणती बोली ठेवली, राग कुठे आवरला, काय सांगायचे टाळले, यावर बोलणे हाच त्या लेखनाचा मान आहे. आणि माणसावर निकाल देऊ नये. आपल्यासमोर माणूस नसून त्याने लिहिलेले पान आहे.

आता कविता. समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय 1929 साली छापून त्यांची चिकित्सा केली. शिकलेसवरलेले वाचक नाव नसले की गडबडतात, हे त्यात दिसले. कवितेचा साधा अर्थच लागत नाही, स्वतःची एखादी आठवण कवितेवर चढून बसते, किंवा आई, मरण, देव असे शब्द दिसताच आधीपासून तयार असलेली भावना बाहेर येते. आजही अभिप्राय नेमके इथेच बिघडतात, म्हणून उपायही या तीन जागांवरच करायला हवेत.

एका बैठकीत पाच-सहा कवितांहून जास्त वाचू नयेत. प्रत्येक कविता दोनदा मोठ्याने वाचायची. दुसऱ्यांदा वेगळ्या व्यक्तीने. मग क्रियापदे शोधायची आणि प्रत्येक क्रियापदाचा कर्ता कोण ते लावायचे. निम्म्या 'दुर्बोध' कविता इथेच सोप्या होतात, कारण अडचण कल्पनेची नसून वाक्य ओळीबाहेर वाहत गेल्याची असते. त्यानंतर साधा अर्थ दोन वाक्यांत लिहायचा आणि कवितेशेजारी ठेवायचा. या दोन वाक्यांत जे उतरले नाही, त्यावर अभिप्राय लिहायचा. वृत्तबद्ध कविता असेल तर मोजणी टाळू नका. मंदाक्रांतेत चरणाला 17 अक्षरे असतात आणि विराम 4, 6, 7 असे पडतात. तो मध्यला थांबा कानाला कळला की चरण लांब का वाटतो, हे वेगळे समजावावे लागत नाही. मुक्तछंदात मोजायला काही नाही असे समजू नये. ओळ कुठे तोडली, आणि तीच ओळ एक शब्द पुढे तोडली असती तर काय बिघडले असते, हे करून पाहता येते. संपूर्ण संग्रहावर लिहिताना तीन कविता निवडाव्यात: सर्वांत आवडलेली, संग्रहाचा स्वभाव दाखवणारी, आणि प्रयत्न करूनही न उघडलेली. तिसरीबद्दल प्रामाणिकपणे लिहिलेले चार शब्द पुष्कळदा सर्वांत उपयोगी ठरतात. 'कवीला असे म्हणायचे आहे की' ही सुरुवात मात्र बंद करा. कवीला काय म्हणायचे होते ते आपल्याला ठाऊक नाही. ओळीत काय आहे ते दिसते.

वैचारिक, विज्ञानविषयक आणि इतिहासाच्या पुस्तकांत उलट चूक होते. तिथे वाचक भाषेवर खूश होतो आणि पुराव्याकडे पाहत नाही. प्रथम लेखकाचे मुख्य म्हणणे एका वाक्यात लिहा, आणि ते लेखकालाही मान्य होईल असे असावे. मग सूची उघडा, स्वतःला चांगला माहीत असलेला एक विषय शोधा आणि तेवढीच पाने वाचा. ती सैल असतील तर अनोळखी विषयांवरच्या पानांवरही विश्वास बेताने ठेवावा. तीन टिपा निवडून बघा: दिलेला आधार खरोखर तेच सांगतो का? बऱ्याचदा तो थोडे वेगळे किंवा बरेच कमी सांगतो. प्रकाशनाचे वर्ष तर अभिप्रायात यायलाच हवे. 2015 साली मानसशास्त्रातल्या 100 प्रयोगांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा मूळ प्रयोगांपैकी 97 टक्क्यांत ठळक परिणाम नोंदलेला होता आणि पुनःप्रयोगांत तो 36 टक्क्यांतच मिळाला. इच्छाशक्ती, सवयी, पहिली छाप अशा विषयांवरची त्याआधीची लोकप्रिय पुस्तके वाचताना हे माहीत असणे आवश्यक आहे. स्वयंविकासाच्या पुस्तकावर लिहिण्यापूर्वी त्यातला एक तरी उपाय दोन आठवडे करून पाहण्याची अट घाला. पाककृती न करता तिच्यावर मत देण्यासारखे ते अभिप्राय मग आपोआप कमी होतील.

नाटक भूमिका वाटून मोठ्याने वाचावे आणि कंसातल्या रंगसूचनांसाठी वेगळा वाचक ठेवावा; गटात त्या हमखास गाळल्या जातात आणि मग पात्र गप्प का झाले ते कळत नाही. चित्रकादंबरी आधी शब्दांकडे न बघता पूर्ण चाळावी. दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत वाचक स्वतः काय घडवतो, हे चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 साली विस्ताराने दाखवले आहे. लहान मुलांची चित्रपुस्तके बहुधा 32 पानांची असतात आणि पान उलटण्याच्या जागी त्यांचा श्वास असतो. कोणती गोष्ट पानामागे राखून ठेवली आहे ते पाहावे.

अनुवादित पुस्तकाच्या नोंदीत अनुवादकाचे नाव नसेल तर ती नोंद परत करा. आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराची रक्कम 2016 पासून लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटली जाते. आपल्या तक्त्यात त्याच्यासाठी एक ओळ निघायला हवी. मूळ भाषा येत नसेल तर 'अनुवाद मूळाशी प्रामाणिक आहे' असे लिहू नये. मराठी वाक्य मराठीसारखे चालते का, संवादात माणसे बोलतात की पुस्तक बोलते, एवढे सांगता येते आणि तेवढे पुरेसे आहे.

संख्येबद्दलही बोलायला हवे. मार्क ब्रिसबार्ट यांनी अनेक अभ्यास एकत्र करून 2019 साली इंग्रजीतल्या मूक वाचनाची सरासरी काढली, ती माहितीपर लेखनासाठी मिनिटाला 238 शब्द आणि कथात्म लेखनासाठी 260 शब्द अशी होती. हे आकडे मराठीला लागू करता येत नाहीत, पण प्रकार बदलला की गतीही बदलते एवढे त्यांतून दिसते. आणि कविता तर या गतीने वाचायचीच नसते. तेव्हा 'महिन्याला चार पुस्तके' अशी स्पर्धा लावली की कवितासंग्रह आणि जाड वैचारिक ग्रंथ सर्वांत आधी बाद होतात. मोजायचेच असेल तर तास मोजा. पुस्तक अर्धवट सोडण्याचीही मुभा द्या. नॅन्सी पर्ल या ग्रंथपाल 50 पानांची संधी द्यायला सांगतात, आणि वय 50 च्या पुढे असेल तर 100 मधून वय वजा करून उरतील तेवढी पाने. कादंबरीला हा नियम छान लागतो. कवितासंग्रहाला लावू नका; तो मध्येच कुठेही उघडून दुसरी संधी देता येते. सोडलेल्या पुस्तकाची नोंद मात्र ठेवा: कोणत्या पानावर आणि कशामुळे.

आता प्रत्यक्ष लिहिण्याबद्दल. पुस्तक संपल्याच्या दिवशी ते मिटून दहा मिनिटे आठवेल ते लिहायचे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात मजकूर पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्याने मजकूर आठवून काढणारे पुढे गेले. शिवाय न बघता लिहिताना जे आठवत नाही तेही बोलके असते. त्यानंतर पुस्तक उघडून पानक्रमांक टाकायचे, चुका दुरुस्त करायच्या आणि दोन दिवसांनी लेख लिहायचा. 350 ते 400 शब्द पुरेत. त्यातला सारांश एक चतुर्थांशापेक्षा मोठा नको. अवतरणे दोन, प्रत्येकी दोन-तीन ओळींची, आणि अक्षरशः तपासलेली. अवतरणातली चूक लेखकाच्या माथी बसते. तक्रार असेल तर तिच्यासोबत पानाचा पुरावा हवा, आणि ती पुस्तकाने जे करायचे ठरवले होते त्याच्या मर्यादेत हवी. प्रेमकथेत राजकारण नाही ही तक्रार होत नाही. लेखक ओळखीचा असेल किंवा पुस्तक भेट मिळालेले असेल तर ते पहिल्याच परिच्छेदात सांगावे.

तारे काढून टाकता आले तर उत्तम. काढता येत नसतील तर ते त्या-त्या प्रकारापुरते द्या. चार तारे मिळालेली भयकथा आणि चार तारे मिळालेला शब्दकोश यांची सरासरी काढून कुणालाही काही कळत नाही. ताऱ्यांच्या जागी 'हे पुस्तक कोणत्या वाचकासाठी आहे' हे एक वाक्य मागा. एस. आर. रंगनाथन यांच्या 1931 च्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक अशी दोन सूत्रे लागोपाठ येतात. ग्रंथपालांना ती पाठ असतात. अभिप्रायाच्या कागदावर मात्र त्यांना जागा मिळालेली नाही.

गटाच्या चर्चेसाठी सहा ते दहा माणसे आणि दीड तास ठीक. पहिली फेरी 'आवडले की नाही' याची नको. 'कोणत्या पानावर थांबलात किंवा परत मागे गेलात' याची असू द्या. ज्यांना पुस्तक आवडले नाही त्यांना लवकर बोलू द्या, कारण चार जणांनी स्तुती केल्यावर पाचवा गप्प बसतो. त्या प्रकारात मुरलेला एक वाचक आणि तो प्रकार प्रथमच वाचणारा एक अशी जोडी लावा. मुरलेल्याला नेहमीचे साचे ओळखू येतात. नवख्याला ते साचे किती विचित्र आहेत हे दिसते, आणि दोघांनाही एकमेकांचे म्हणणे ऐकायची गरज असते.

पुढच्या वर्षाची यादी करताना पुस्तके जोडीने घ्या, असे आम्ही सुचवतो: ऐतिहासिक कादंबरी आणि त्याच काळावरचा इतिहासग्रंथ, विज्ञानकथा आणि त्या विषयावरचे सुबोध विज्ञान, आत्मचरित्र आणि त्याच व्यक्तीचे दुसऱ्याने लिहिलेले चरित्र. बारा महिन्यांत सहा जोड्या होतात. त्यात दोन महिने कवितेला आणि एक नाटकाला राखून ठेवा, मग जोड्या चार आणि एक मोकळा महिना उरतो. त्या महिन्यात अर्धवट सोडलेल्या पुस्तकांच्या नोंदी वाचून दाखवायच्या. छापील तक्त्यांचा जुना गठ्ठा शिल्लक असेल तर त्यांची मागची कोरी बाजू वापरा.

आपले,
वाचनगटांबरोबर काम करणारे आणि पुस्तकांवर लिहिणारे काही वाचक